सट्ट्याच्या गिऱ्हाइकाला दाद कुठे?

सुरुवात ‘आयडी’पासून होते. “भाऊ, आयडी पाह्यजे का?” असं विचारणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. कॉलेजातला, गल्लीतला, नाहीतर संध्याकाळी मैदानावर भेटणारा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदसारख्या तालुक्याच्या गावी आता सट्टा लावायला कुणाच्या माडीवर चढावं लागत नाही. व्हॉट्सअॅपवर एक नंबर मिळतो. त्यावर मेसेज टाकला की उलट टपाली क्यूआर कोड येतो. पाचशे रुपये भरायचे, स्क्रीनशॉट पाठवायचा, की थोड्याच वेळात एका संकेतस्थळाचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड हातात पडतो. वयाचा दाखला कुणी मागत नाही, आधार नाही, पॅन नाही. पैसे ज्या खात्यात गेले ते कुणाचं, हे भरणाऱ्याला ठाऊक नसतं आणि पुढच्या खेपेला ते खातंही बदललेलं असतं.

आतला बाजार मात्र जुनाच आहे. विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली लगवाडी (बाजी लावणं) आणि खायवाडी (बाजी घेणं) तिथे निळ्या आणि गुलाबी चौकोनांत मांडलेली असते. पूर्वी बुकी फोनवर भाव सांगायचा आणि वहीत लिहून घ्यायचा, आता भाव चेंडूगणिक हलतो. सामना कोण जिंकणार, ही बाजी तर किरकोळच. खरा धंदा ‘सेशन’चा. समजा, पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, यावर ‘४६ नाही, ४७ हो’ असा भाव आहे. ‘नाही’ म्हणणारा ४६च्या खाली धावा झाल्या तर जिंकतो, ‘हो’ म्हणणारा ४७ किंवा जास्त झाल्या तर. बरोबर ४६ झाल्या की दोघंही हरतात आणि सगळा गल्ला बुकीचा. एका सामन्यात असे डझनावारी सेशन असतात, आणि सामना संपला की त्याच पडद्यावर तीनपत्ती, रूलेट, अंदर-बाहर चोवीस तास हजर असतात.

हिशेब साधा आहे. प्रत्येक बाजीत सरासरी फक्त पाच टक्के मागे राहतात असं धरू. हजार रुपये वीस वेळा फिरवले की सरासरीने ३५८ उरतात. वीस बाज्या ही एका रात्रीचीसुद्धा गोष्ट नाही. जिंकणारे असतातच, त्यांच्याच गोष्टी टपरीवर ऐकू येतात. हरलेला माणूस चहाचे पैसे देऊन निघून जातो.

पण हा लेख जिंकण्या-हरण्याबद्दल नाही. हरणं हा त्या धंद्याचा करारच आहे. मला छळतो तो वेगळा प्रश्न. समजा, आयडी घेतलेल्या एखाद्या पोराच्या खात्यात चुकून साठ हजार जमले. त्याने पैसे काढायचे म्हणून मेसेज टाकला. उत्तर आलं, ‘आधी वीस टक्के टॅक्स भरा’. भरला. मग आयडी बंद. नंबर बंद. आता त्याने कुठे जायचं?

यवतमाळला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. नादुरुस्त पंप, न उगवलेलं बियाणं, न मिळालेला विमा अशा तक्रारी घेऊन माणसं अशा आयोगांकडे जातात. हा पोरगा गेला तर त्याच्या वाटेत १८७२ सालचा भारतीय करार अधिनियम उभा आहे. त्याच्या कलम ३०नुसार पैजेचा करार मुळातच निरर्थक, आणि पैजेत जिंकलेली रक्कम किंवा पैजेच्या निकालापर्यंत कुणाकडे ठेवायला दिलेली रक्कम वसूल करण्यासाठी दावाच लावता येत नाही. अपवाद ठेवला आहे तो घोड्यांच्या शर्यतीच्या पाचशे किंवा त्याहून जास्त रुपयांच्या बक्षिसाचा. साहेबाच्या शौकाला वाट होती, बाकीच्यांना नाही.

पोलिस ठाण्याचा रस्ता धरला तर तिथे ‘मजुका’ आहे. म्हणजे महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, मूळचा १८८७चा मुंबई प्रांताचा कायदा. वरली मटक्याच्या धाडीच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ‘कलम १२ (अ)’ पाठ असतं, आणि त्या पंचनाम्यात आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या, रोकड आणि एक डॉटपेन असतो, त्याचीही किंमत लावलेली असते. या कायद्याचा सगळा भर अड्ड्यावर. जागा, साधनं, तिथे सापडलेली माणसं. मोबाइलला जागा नसते. गंमत म्हणजे हा कायदा पहिल्यापासूनच जुगाराच्या मागे धापा टाकत धावतो आहे. तो झाला तेव्हा मुंबईत पावसावर सट्टा चालायचा आणि तो कायद्याच्या शब्दांत नीट सापडत नव्हता. म्हणून तीनच वर्षांनी, १८९०मध्ये, दुरुस्ती करावी लागली. ज्या मुलखात खरीप पावसावर तरतो त्या मुलखातल्या वाचकाला यातला विनोद सांगायची गरज नाही.

म्हणजे दीडशे वर्षं या माणसाकडे कायद्याने दोनच नजरांनी पाहिलं. एक तर तो आरोपी, नाहीतर त्याची जबाबदारी त्याची त्यानेच घ्यावी असा मूर्ख. पैसे देऊन काहीतरी विकत घेणारा, ज्याला तोलून-मापून माल मिळायला हवा, पावती मिळायला हवी, फसवलं तर दाद मिळायला हवी, असा तो कुणी आहे, हे कुणाच्या मनातच आलं नाही. एक अपवाद आहे, आणि तो पुसदशी जोडलेला आहे.

मटक्याचा जन्म कापसातून झाला, हे यवतमाळ जिल्ह्याने विसरू नये. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, हे आकडे तारेने मुंबईला यायचे आणि त्यावर लोक पैसे लावायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते आकडे येणं थांबलं, तेव्हा कल्याणजी भगत यांनी १९६२मध्ये वरळीत स्वतःच आकडे काढायला सुरुवात केली. १९६४मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरली’ काढली. मातीच्या मडक्यातून चिठ्ठ्या, नंतर पत्त्यांतून आकडे. पिकवणारा इथे, भाव तिथे आणि त्या भावावरचा जुगार मुंबईत. तिघांपैकी कोण शेवटपर्यंत गरीब राहिला, हे वेगळं सांगायला नको.

त्या काळात मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १९६३ ते १९७५ असा त्यांचा दीर्घ कारभार. रोजगार हमी, संकरित बियाणं, बहात्तरचा दुष्काळ या संदर्भांत त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्याच काळात, १२ एप्रिल १९६९ रोजी, महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोक जुगार खेळणारच असतील तर निदान फसवले जाऊ नयेत आणि पैसा सरकारी तिजोरीत यावा, हा तिच्यामागचा विचार होता.

लॉटरी चांगली की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. मी स्वतः तिच्या बाजूचा नाही. गरिबाच्या आशेवर बसवलेला तो कर आहे, असंच मला वाटतं. पण तिच्यात काय होतं ते पाहा. तिकिटावर क्रमांक छापलेला. सोडतीची तारीख आधी जाहीर. सोडत चारचौघांत. निकाल वर्तमानपत्रात. बक्षीस कुठे, किती दिवसांत मागायचं ते लिहिलेलं. एका रुपयाच्या तिकिटावर हरणाऱ्याला आपण नेमके कशात हरलो हे दाखवणारा कागद मिळत होता. मटक्याच्या चिठ्ठीवर तेवढंही नव्हतं, आणि आजच्या आयडीत तर चिठ्ठीसुद्धा नाही.

शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा त्याच्याही आधीच्या. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या खटल्यात १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की जुगार हा व्यापार नव्हेच, त्यामुळे व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण त्याला मिळत नाही. पण ज्यात मुख्यतः कौशल्य आहे ती स्पर्धा जुगारात मोडत नाही. या एका फटीतून पुढे अब्जावधी रुपये गेले. १९६७मध्ये रमी कौशल्याची ठरली, १९९६मध्ये घोड्यांची शर्यत. आणि ३० एप्रिल २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनचा खेळही कौशल्याचाच, असा निर्वाळा दिला.

मध्ये एक आडबाजूची नोंद. याच महाराष्ट्राने १९७६मध्ये कॅसिनो नियंत्रण आणि कर अधिनियम मंजूर केला होता. तो कधीच अंमलात आला नाही. सत्तेचाळीस वर्षं तो नुसता पुस्तकात पडून होता, २०२३मध्ये रद्द झाला. जुगाराबाबत आपल्या राज्याचं मन किती वर्षं दोलायमान होतं, त्याचा याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

ड्रीम इलेव्हन २००८चं, हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत काढलेलं. त्याच साली आयपीएल सुरू झाली. पण खेड्यापर्यंत हे पोचलं २०१६नंतर. त्या वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओ. पैसे पाठवणं फुकट झालं आणि सामना बघणं जवळपास फुकट. मग सोयाबीनच्या गंजीपाशी राखणीला बसलेला पोरगा आणि पुण्यातला सॉफ्टवेअर इंजिनीअर एकाच एकोणपन्नास रुपयांच्या ‘कॉन्टेस्ट’मध्ये उतरले. अकरा खेळाडू निवडायचे, कर्णधार ठरवायचा, गुण मोजायचे. कौशल्य लागतं, हे मान्य. पण लाखोंच्या त्या गर्दीत पहिला येणं ही कौशल्याची गोष्ट उरते का, यावर न्यायालयाबाहेरच्या माणसाने आपलं मत ठेवायला हरकत नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांतला एक उपनिरीक्षक या खेळात दीड कोटी रुपये जिंकला. वर्दीवर मुलाखती दिल्या आणि आठवडाभरात निलंबित झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईतल्या घरासमोर आंदोलन केलं होतं, ऑनलाइन गेमची जाहिरात सोडा म्हणून. आणि जुलै २०२५मध्ये तर राज्याचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत रोहित पवार यांनी समाजमाध्यमांवर टाकली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेली जाहिरात बंद करत होतो, असं कोकाटे यांचं म्हणणं. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं. बदल्यात मिळालं ते क्रीडा खातं. हे मी रचलेलं नाही.

या वर्षांत कायदेशीर कंपन्यांच्या गिऱ्हाइकाला कागदावर तरी काही कवच मिळू लागलं होतं. जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे अॅस्कीने, १५ डिसेंबर २०२०पासून नियम लावले. अठरा वर्षांखालचं कुणी जाहिरातीत खेळताना दिसू नये, हा उत्पन्नाचा किंवा नोकरीचा पर्याय आहे असं भासवू नये, आर्थिक जोखमीचा आणि सवय लागण्याचा इशारा द्यावा. तो इशारा कसा दिला गेला, हे सगळ्यांनी ऐकलं आहे. जाहिरातीच्या शेवटी, श्वास न घेता. ६ एप्रिल २०२३ला केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. खेळणाऱ्याची ओळख पडताळा, पैसे परत कसे मिळतील ते आधी सांगा, खेळायला उधार देऊ नका, तक्रार निवारण अधिकारी नेमा. नियम चांगले होते. पण ते राबवायला ज्या स्वनियमन संस्थांना मान्यता द्यायची होती त्यांपैकी एकीलाही मान्यता मिळाली नाही, म्हणून नियम कागदावरच राहिले. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून निव्वळ जिंकीवर तीस टक्के करकपात आणि ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी मात्र ताबडतोब लागू झाला. गिऱ्हाइकाचं संरक्षण थांबू शकतं, कर थांबत नाही.

मग आला ऑगस्ट २०२५. २०ला विधेयक लोकसभेत, २१ला राज्यसभेत, २२ला राष्ट्रपतींची सही. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन अधिनियम. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचा असो की नशिबाचा. अडुसष्ट वर्षांचा वाद एका वाक्यात गुंडाळला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख, पैसे फिरवणाऱ्या बँकेला किंवा अॅपला पुन्हा तीन वर्षं आणि एक कोटी. सरकारचा अंदाज असा की ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये या खेळांत गमावतात. ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. भारतीय संघाच्या सदऱ्यावरचं त्यांचं नावही गेलं. तीन वर्षांचा ३५८ कोटींचा तो करार होता. सप्टेंबरमधल्या आशिया चषकात आपला संघ प्रायोजकाच्या नावाविना खेळला. कायद्याला आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

या कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तो गुन्हेगार नव्हे, पीडित आहे, असं पहिल्यांदा सरकारने म्हटलं. ‘मजुका’च्या पंचनाम्यात वाढलेल्या समाजाला हे पचायला वेळ लागेल. पण पीडित म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतोच, त्याला काय मिळणार? गेलेले पैसे परत मागायची वाट कायद्यात नाही. आणि बंदी बसली ती ज्यांची कचेरी होती, ज्यांचा जीएसटी क्रमांक होता, ज्यांना नोटीस पाठवता येत होती, त्यांच्यावर आधी. व्हॉट्सअॅपवरच्या आयडीवाल्याची कचेरी कधीच नव्हती. तो आधीही बेकायदा होता, आताही आहे.

महादेव अॅपचं प्रकरण आठवा. भिलाईच्या दोन तरुणांनी दुबईतून चालवलेला हा पसारा. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार त्यांनी देशभर ‘पॅनल’ वाटली होती आणि नफा ७०:३० असा वाटून घेतला जात होता. पॅनल म्हणजे शाखाच, एखाद्या तालुक्यातही चालणारी. ५ नोव्हेंबर २०२३ला केंद्राने महादेवसह २२ अॅप आणि संकेतस्थळं बंद केली. पत्त्यातलं एक अक्षर बदलून तीच दुकानं दुसऱ्या नावाने उघडणं या धंद्याला किती सोपं आहे, हे फोन वापरणाऱ्या कुणालाही कळेल. २०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरेश रैना आणि शिखर धवन यांना वनएक्सबेट या सट्ट्याच्या अॅपप्रकरणी चौकशीला बोलावलं गेलं. त्याआधी मार्च २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सट्ट्याची जाहिरात करणाऱ्या नामवंतांना सूचना दिली होती की तुम्हीही जबाबदार ठराल. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. ही तलवार मला बंदीपेक्षा जास्त धारदार वाटते. कारण बुकी दुबईत असला तरी त्याचा चेहरा बनलेला नट किंवा खेळाडू देशातच राहतो.

विदर्भातलंच एक प्रकरण या सगळ्यावर प्रकाश टाकतं. जुलै २०२३मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तक्रार दिली. गोंदियाच्या एका बुकीने त्याला ऑनलाइन खेळाची लिंक दिली, हवालामार्फत आठ लाख भरून घेतले, आणि तेवढे पैसे त्याच्या खात्यात दिसू लागले. मग व्यापारी पाच कोटी जिंकला आणि ५८ कोटी हरला. खेळच लबाडीने बसवलेला आहे असा संशय आल्यावर त्याने पैसे परत मागितले, तेव्हा धमक्या आल्या. पोलिसांनी गोंदियातल्या घरावर छापा घातला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंच्या हिशेबात सोनं-चांदी सापडली. बुकी त्याआधीच निसटला होता.

नीट पाहिलं तर हा ग्राहक संरक्षणाचाच खटला आहे. व्यापारी सट्टा हरला म्हणून कुणी धावलं नाही. खेळ खोटा होता, म्हणजे फसवणूक झाली, या मुद्द्यावर गुन्हा नोंदला गेला. पैजेला दाद नाही, फसवणुकीला आहे. ५८ कोटींचा माणूस ही रेष ओलांडून जाऊ शकतो. त्याच्याकडे वकील असतो, संगणकाचा जाणकार असतो, पोलिस आयुक्तांपर्यंत पोच असते. साठ हजारांच्या पोराने आयडीवरचा भाव आणि मैदानावरचा चेंडू यांत किती सेकंदांचं अंतर होतं, हे कशाने सिद्ध करायचं?

बाहेरचं जग या प्रश्नाशी कसं झगडतं ते थोडं पाहण्यासारखं आहे. ब्रिटनने १४ एप्रिल २०२०पासून क्रेडिट कार्डावर जुगार बंद केला. उधारीवर हरायचं नाही, एवढंच. तिथे ‘गॅमस्टॉप’ नावाची नोंदवही आहे. त्यात माणसाने स्वतःहून नाव घातलं की परवानाधारक एकही ऑनलाइन दुकान त्याला आत घेत नाही. अमेरिकेत २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्याराज्यांत मोबाइल सट्टा खुला झाला. पण मॅसॅच्युसेट्सने त्याआधीच, २०१६मध्ये, फॅन्टसी खेळांसाठी नियम केले होते. २१ वर्षांखाली बंदी, महिन्याला हजार डॉलरहून जास्त भरायचे तर आधी ऐपतीची खातरजमा, आणि नवख्यांच्या स्पर्धेत मुरलेल्या खेळाडूंना मज्जाव. हा शेवटचा नियम मला फार आवडला. आपल्याकडे एकोणपन्नास रुपयांच्या त्याच स्पर्धेत संगणकावर आकडेमोड करून शेकड्यांनी संघ उतरवणारे आणि पहिल्यांदाच खेळणारा एकत्र असत, आणि त्यालाच आपण कौशल्य म्हणत होतो.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. तामिळनाडूने फेब्रुवारी २०२५मध्ये नियम केले. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच खेळ बंद, आधारने पडताळणी, रोजची-आठवड्याची-महिन्याची मर्यादा, तासाहून जास्त खेळलं की पडद्यावर इशारा. मद्रास उच्च न्यायालयाने जूनमध्ये ते कायम ठेवले. दोन महिन्यांत केंद्राचा कायदा आला आणि हा प्रयोग फळाला येण्याआधीच त्याचं प्रयोजन संपलं. मला त्याची हळहळ वाटते. रात्री बारा ते पाच ही वेळ कुणीतरी घराघरातलं पाहून निवडली होती, हे उघड आहे.

विधी आयोगानेही जुलै २०१८च्या २७६व्या अहवालात सट्टा रोखता येत नसेल तर नियमात आणा, असं सुचवलं होतं. व्यवहार पॅन-आधारशी जोडा, रोकड बंद करा, उत्पन्नानुसार मर्यादा घाला. आणि सरकारी अनुदान घेणारे किंवा आयकर-जीएसटीच्या जाळ्यात न येणारे यांना सट्ट्यापासून दूर ठेवा. वाचताना हे शहाणपणाचं वाटतं. आता ते पुसदच्या बाजारपेठेला लावून पाहा. शेतकरी सन्मान निधी घेणारा बाद. स्वस्त धान्याचं कार्ड असलेला बाद. लाडक्या बहिणीचे पंधराशे घेणारी बाद. आठवडी बाजारात उभं राहिलं तर पात्र माणूस शोधावा लागेल. म्हणजे नियमाने श्रीमंतांसाठी सट्टा कायदेशीर झाला असता आणि गरिबासाठी जुना आयडीवाला उरलाच असता. कुणाला वाचवायचं ते बरोबर ओळखलं, पण वाचवायची रीत म्हणून त्यालाच दाराबाहेर उभं केलं.

यवतमाळ जिल्ह्याला या बाबतीत एक दुसरा, जास्त जवळचा कायदा माहीत आहे, तो सावकारीचा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. कर्जबाजारी शेतकऱ्याने स्वतः सही केलेली असते, अंगठा दिलेला असतो, पैसे घेतलेले असतात. तरीही कायदा म्हणतो, सावकाराकडे परवाना नव्हता ना, मग चूक सावकाराची. जिल्हा उपनिबंधक चौकशी करतो आणि अवैध सावकारीतून बळकावलेली जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश काढू शकतो. कागदावरची सही आड येत नाही. या जिल्ह्याने सावकारापायी जे सोसलं त्यातून हा विचार आला. बेकायदा सट्टेवाल्याच्या बाबतीत हेच तत्त्व का लागू नये, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. दोघांनीही परवान्याविना पैशाचा व्यवहार केला आणि गिऱ्हाइकाची अडचण हेच भांडवल केलं. एकाकडून जमीन परत मागता येते, दुसऱ्याकडून साठ हजारही नाही. नव्या कायद्यातल्या ऑनलाइन गेमिंग प्राधिकरणाच्या हाती अवैध चालकाकडून जप्त झालेला पैसा हरलेल्यांना परत करायची तरतूद असती, तर ‘पीडित’ या दर्जाला काही अर्थ आला असता.

तोवर घरच्यांनी काय करायचं? पैसे गेल्याचं कळताच १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो गोठवला जाऊ शकतो, म्हणून वेळ महत्त्वाची. इथे घरची माणसंच अडतात. “सट्टा होता म्हणून सांगू काय? त्यालेच धरतीन नं.” ही भीती जुन्या कायद्याने पेरली आहे. नवा कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही, हे गावात माहीतच नाही. पोलिस ठाण्यांच्या भिंतीवर वाहतुकीचे आणि हुंडाबंदीचे फलक असतात, तसा एक याचाही लावायला काय हरकत आहे? फसव्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला. आणि ज्याला रात्री झोप येत नाही, जो उधारीवर उधारी करत चालला आहे, त्याच्यासाठी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मराठीतून बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. कर्ज फेडायला घरच्यांनी जमीन विकण्याआधी हा फोन व्हावा.

एक शेवटची गोष्ट, कारण सध्या कॉलेजांच्या आसपास तीच जास्त महत्त्वाची आहे. आयडीवाल्याला रोज नवी बँक खाती लागतात. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम द्या, महिन्याला काही हजार घ्या, असा भाव चालतो. पोरांना वाटतं, आपण काही सट्टा खेळत नाही, नुसतं खातं दिलंय. ज्याने स्वतः पैसे लावले तो नव्या कायद्याने सुटतो. पण पैसा फिरवायला मदत करणारा सुटत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२मध्ये टोळीने चालवलेला अनधिकृत सट्टा हा छोटा संघटित गुन्हा आहे, एक ते सात वर्षं कैदेचा, आणि खात्याचा धागा धरून पोलिस याच टोळीपर्यंत येतात. दुबईतला मालक सापडो न सापडो, खातं ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव, गाव, आधार आणि फोटो बँकेकडे असतोच. पहिल्यांदा गोठतं ते त्याचंच खातं, आणि त्याच खात्यात त्याची शिष्यवृत्तीही जमा होत असते.